आमची वाटचाल : सुरूच्या बनातलं फुटबॉल शिबिर

मे २०१४ मध्ये आम्ही पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा आमच्याकडे १८ मुलं, ६ चेंडू आणि सुरूच्या वाशांचे दोन गोल होते. गोलांना जाळं नव्हतं. चौथ्या दिवशी एका रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्याने, आपलं जुनं, फाटलेलं जाळं आणून बांधून दिलं. आजही आमच्या गोलांना मासेमारीचंच जाळं असतं, आणि ते शिवायला तेच हात येतात.

मी मूळचा वेंगुर्ले तालुक्यातला. मुंबईत १२ वर्षं नोकरी केली. शनिवार-रविवारी मैदानावर फुटबॉल खेळायचो, त्यातच जीव होता. वडील थकले, काजूची बाग बघायला कोणी नव्हतं, म्हणून गावी परतलो. शिबिरातला माझा जोडीदार गोव्यातल्या पेडण्याचा, म्हणजे तेरेखोल खाडीच्या पलीकडचा. त्याच्या गावात भात कापून झालं की मळ्यात फुटबॉल सुरू होतो, आमच्याकडे त्याच मळ्यात टेनिस बॉलचं क्रिकेट. मध्ये फक्त एक खाडी. गोव्याने २०१२ साली फुटबॉलला राज्याचा खेळ म्हणून मान दिला, आणि खाडीच्या अलीकडच्या आमच्या मुलांना पायात चेंडू घेऊन कसं धावायचं हे दाखवणारं कोणी नव्हतं. मला हे फार लागायचं. २०१४ च्या जूनमध्ये ब्राझीलला विश्वचषक होणार होता. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची पोरं मेस्सी-नेमारचे टी-शर्ट घालून किनाऱ्यावर फिरत होती. म्हटलं, सुरू करायचं तर आत्ताच.

फी १२ दिवसांची १,००० रुपये. रापणकारांच्या मुलांना फी नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. ज्या वाळूवर आम्ही खेळतो ती त्यांची कामाची जागा आहे. सकाळी रापण ओढायला आली की आमचा खेळ थांबतो, मोठी मुलं दोराला हात लावतात, आणि कधीकधी परत जाताना त्यांच्या हातात वाट्याचे चार बांगडे असतात. मुंबईच्या मुलांना शिबिरातलं सगळ्यात जास्त काय आठवतं असं विचारलं, तर निम्मी मुलं हेच सांगतात.

समुद्राचं गणित आम्हाला याच लोकांनी शिकवलं. पहिल्या वर्षी आम्ही सकाळी साडेसहाची वेळ छापून बसलो होतो. अष्टमीला पोहोचलो तर किनाराच नव्हता, पाणी सुरूच्या मुळाशी आलेलं. एका आजोबांनी विचारलं, ‘‘तिथ बघलंस नाय?’’ मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला, म्हणजे त्या दिवशी पहाटे-सकाळी ओहोटी आणि मोठं उधाण असल्यामुळे वाळूही लांबवर उघडी. पाणी नुकतं उतरलेली ती ओली वाळू इतकी घट्ट असते की चेंडू गवतासारखा पळतो. तेव्हापासून आमच्या तुकडीची तारीख पंचांग समोर ठेवून ठरते. पौर्णिमा किंवा अमावास्येला सुरुवात, पहिले चार-पाच दिवस किनाऱ्यावर, आणि षष्ठी-सप्तमीपासून मळ्यात. पालकांना हे विचित्र वाटतं. ‘‘एक तारखेला का नाही सुरू करत?’’ असं दरवर्षी कोणीतरी विचारतं, आणि माझी बायको दरवर्षी तेवढ्याच शांतपणे तिथीचा हिशेब समजावून सांगते. फी, नावनोंदणी, पालकांचे फोन, सगळं तीच बघते.

सड्यावर मात्र आम्ही खेळवत नाही. एकदा मळा मिळाला नाही म्हणून जांभ्या दगडाच्या सपाटीवर सराव घेतला. सात मुलांचे गुडघे सोलले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो, तिच्याकडे येतो.

शिबिरात ७ वर्षांपासून १७ वर्षांपर्यंतची मुलं येतात. एखादा मुंबईच्या अकादमीत तीन वर्षं शिकलेला, स्टडचे बूट घालून येतो. त्याच्याच वयाचा गावातला मुलगा अनवाणी असतो आणि त्याने चेंडूला पहिल्यांदाच पाय लावलेला असतो. दोघांना एकत्र ठेवलं तर पहिल्याला कंटाळा येतो, दुसऱ्याला लाज वाटते. म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही पहिल्याच दिवशी चाचणी घेतली. शंकूंमधून चेंडू नेणं, दहा पास, पाच शॉट. गुण मांडले आणि अ, ब, क असे तीन गट केले. कागद सुरूच्या खोडाला लावला. आम्हाला वाटलं, किती शिस्तशीर काम झालं.

क गटात एक १० वर्षांचा मुलगा होता, आमच्याच वाडीतला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याच्या घरी गेलो. आई मासे साफ करत होती. म्हणाली, ‘‘तो आता येवचो नाय. सगळी पोरां तेका ‘क, क’ म्हणान चिडयतत.’’ मुलगा माडाच्या आडोशाला उभा होता. मी पुष्कळ समजावलं. त्याने एकदाच तोंड उघडलं. ‘‘माझ्याकडे बॉल येनाच नाय, मगे थंय उभो रवान काय करू?’’

तो परत आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या एका कागदाने आम्ही एक खेळणारा मुलगा घालवला, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती, कारण कागद मीच लिहिला होता.

पुढच्या वर्षी अक्षरं काढली आणि गटांना माशांची नावं दिली, सुरमई, बांगडा, पेडवा. मला वाटलं, आपल्या किनाऱ्याची नावं आहेत, मुलांना आवडतील. कोळ्यांच्या मुलांना एका मिनिटात कळलं. बाजारात सुरमई कितीला आणि पेडवे कितीला हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? रंगांची नावं दिली तरी तेच झालं. मुलांना कोण कुठे आहे हे आपोआप कळतं, ते लपवून काही उपयोग नसतो. पेडण्याच्या मित्राने मग नेमका प्रश्न विचारला. तो म्हणाला, तो मुलगा नावामुळे गेला नाही, चेंडू मिळत नव्हता म्हणून गेला. त्याचं ऐक ना, तो काय म्हणाला ते.

तिथून आमचं शिबिर बदललं. दोन तासांच्या सरावाचा पहिला पाऊण तास ज्याला जे येत नाही त्यावर. डावा पाय कच्चा असलेले एकीकडे, चेंडू थांबवता न येणारे एकीकडे, शॉट मारताना मागे झुकणारे एकीकडे. त्यामुळे अकादमीत शिकलेला मुलगा डाव्या पायाच्या गटात नवख्या मुलाच्या शेजारी उभा असतो, आणि हे गट दर तिसऱ्या दिवशी मोडतात. उरलेल्या वेळात सामना, पण अकरा-अकरांचा नाही. चार विरुद्ध चार, साधारण ३० मीटर लांब आणि २० मीटर रुंद पट्ट्यात, सगळ्या पातळ्यांची मुलं मिसळून. आठ मुलांत एक चेंडू असला की तो प्रत्येकाच्या पायाशी येतोच, लपायला जागा नसते आणि विसरलं जायलाही नसते. चांगल्या खेळाडूला आम्ही अट घालतो, दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा. त्याच्यासाठी खेळ कठीण होतो आणि शेजारच्याला चेंडू मिळतो. एकाच अटीत दोघांचं शिक्षण.

मोठ्या मापाच्या गोलाचा आग्रहही आम्ही सोडला. पूर्ण मापाचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्यात ९ वर्षांच्या मुलाला उभं करून वरून गोल मारायचे आणि त्याला ओरडायचं, हा अन्याय आहे. चेंडूचंही तसंच. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, तो १३ वर्षांपुढच्यांसाठी. ८ ते १२ वर्षांच्यांना चार नंबर, त्याखाली तीन नंबर. पहिल्या वर्षी आमच्याकडे सहाही चेंडू पाच नंबरचे होते. लहानग्यांचे पाय त्या वजनाला घाबरून आपोआप आखडायचे आणि आम्ही समजत होतो की पोरांना जमत नाही.

वयाच्या गटातही एक फसगत असते. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच वर्षाचे धरले जातात, पण दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढं तरी. उंच दिसतो तो चांगला, असं मानून निवड केली की डिसेंबरवाला मागे पडतो आणि कायमचा मागे पडतो. आम्ही नावापुढे जन्ममहिना लिहून ठेवतो. १३-१४ वर्षांच्या मुलांची अडचण उलटी असते. वर्षभरात हात-पाय ताडासारखे वाढतात आणि कालपर्यंत जमणारा पास आज चुकतो. पुष्कळांचं गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागतं. हाड वेगाने वाढतं, स्नायू ओढला जातो, त्याचं ते दुखणं. पालक म्हणतात, आळस करतोय. आम्ही त्या मुलाला उड्या आणि धावणं बंद करून बसल्या जागी चेंडूवर काम देतो, आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो.

हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, आम्ही लहानांना शिकवत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांकडून सरावात हेडर करून घेऊ नयेत अशी सूचना काढली. ती वाचल्यावर आम्ही दोघांनी त्यावर फार वेळ वाद घातला नाही.

२०१७ चा ऑक्टोबर मी विसरणार नाही. १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात आला आणि मडगावच्या फातोर्ड्याला सामने झाले. १० ऑक्टोबरला आमच्या मोठ्या गटातल्या ११ मुलांना घेऊन आम्ही गेलो. इराणने जर्मनीला ४-० हरवलं. परतीच्या गाडीत कोणी झोपलं नाही. जर्मनी हरू शकते, आणि हरवणारी पोरं आपल्याच वयाची आहेत, याने मुलं हलून गेली होती. त्या स्पर्धेतल्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आंबोली घाट चढून गेलं की कोल्हापूर, तिथे पेठापेठांत फुटबॉल रुजलेला. वरच्या बाजूला कोल्हापूर, खालच्या बाजूला गोवा, आणि मधला आमचा पट्टा कोरडा. हे आम्ही मुलांना नकाशा काढून दाखवतो.

मुली पहिली तीन वर्षं आल्याच नाहीत. चौथ्या वर्षी एक आली, आणि ती त्या क गटातल्या मुलाची धाकटी बहीण होती. भाऊच तिला सायकलवरून सोडायला आला. आमच्याकडे बघितलं नाही, तिला उतरवून निघून गेला. आता मुलींची संख्या एका तुकडीत १४-१५ पर्यंत असते. त्यासाठी आम्ही फारसं काही मोठं केलं नाही. कपडे बदलायला शेजारच्या घरात एक खोली मागून घेतली, आणि एक शिक्षिका मैदानावर सतत हजर ठेवली. एवढंच अडलं होतं.

२०२० आणि २०२१ चे दोन्ही उन्हाळे बुडाले. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं आणि बनातली कित्येक सुरू आडवी झाली, साहित्याची शेडही गेली. चेंडू मात्र माळ्यावर होते.

पैशांचं सरळ सांगतो. पहिली चार वर्षं काजूच्या पैशांतून शिबिर चाललं. एका वर्षी भाड्याने घेतलेलं मैदान पैसे भरूनही ऐनवेळी दुसऱ्या स्पर्धेला दिलं गेलं आणि ४० मुलांना मी रस्त्यावर उभं राहून परत पाठवलं. ते पैसे अजून आलेले नाहीत. तेव्हापासून आम्ही मळ्याच्या मालकांशीच बोलतो आणि भाडं आधी न देता तुकडी संपल्यावर देतो. आता वर्षाला तीन तुकड्या होतात, दोन मुलांना पगार देता येतो. दोघेही आमच्याकडेच शिकलेले, आणि त्यांतल्या एकाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलं आहे. त्याचा खर्च आम्ही दिला, आणि तो आमचा सगळ्यात चांगला खर्च होता.

उन्हाचा मुद्दा राहिला. मे महिन्यात इथे पारा फार चढत नाही, पण हवेत दमटपणा असा की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. म्हणून सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी साडेचारच्या आधी आम्ही कोणालाही पळवत नाही. दर पंधरा मिनिटांनी पाणी. सराव संपला की उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, सोबत आंब्याचं लोणचं. पहिली दोन वर्षं आम्ही बाटलीतली रंगीत पेयं आणत होतो. माझ्या आईने ती बघून विचारलं, ‘‘घरात पेज आसताना ह्या कित्याक?’’ पाणी, मीठ, तांदूळ, घामात जे गेलं ते बरंचसं भरून देणारं. मुंबईची मुलं पहिल्या दिवशी नाक मुरडतात, चौथ्या दिवशी दुसरी वाटी मागतात.

यंदा एका जागी किनाऱ्यावर कासवाचं घरटं निघालं, वनखात्याच्या लोकांनी भोवती कुंपण केलं. आम्ही आमचे गोल शंभर पावलं दक्षिणेला सरकवले. जाळी शिवायला टाकली आहेत. पहिली तुकडी वैशाखी पौर्णिमेला सुरू होते, सकाळी साडेसहाला, बनाच्या तोंडाशी. बूट नसतील तरी चालेल, वाळूवर अनवाणीच खेळतो. पाण्याची बाटली आणि टोपी आणा, आणि येताना एक वाटी.