माशीचं बिऱ्हाड

मेलबर्नहून निघायच्या आधी ताईने तीनदा विचारलं, "जाळी घेतलीस ना?" मला वाटलं, मच्छरदाणीचं म्हणतेय. तंबूत झोपायचं होतं, तेव्हा ठीकच होतं.

ती जाळी वेगळी. टोपीवरून सोडायची आणि गळ्याशी दोरी ओढून आवळायची. ॲलिस स्प्रिंग्जच्या दुकानात घालून आरशात बघितलं, तर पोळं काढायला निघालेला माणूसच. फोटोत असं दिसायचं? परत ठेवून दिली. ताईने तिची घेतली आणि मला काही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

ऑस्ट्रेलियाच्या ऐन पोटात, ॲलिस स्प्रिंग्जच्या नैर्ऋत्येला वाटार्का नॅशनल पार्क आहे. तिथली किंग्ज कॅन्यन बघायला आम्ही तीन दिवसांच्या टूरबरोबर गेलो होतो. दरीच्या काठाकाठाने सहा किलोमीटरची वाट आहे. दिवसाचा पारा छत्तीसला पोचणार असा अंदाज असेल, तर नऊच्या आत चढायला लागावं लागतं, नंतर सोडत नाहीत. त्यामुळे पाचलाच उठवलं. आमची गाईड पंचविशीतली मुलगी. तिने प्रत्येकाच्या पिशवीत हात घालून पाणी तपासलं, माणशी तीन लिटर. कमी भरलेल्याला नळाकडे परत पाठवलं.

सुरुवातीलाच पाचेकशे पायऱ्या. पुणेकराला हिशेब सोपा, पर्वतीच्या एकशे तीन, म्हणजे जवळपास पाच पर्वत्या, मध्ये भेळवाला नाही. मी दम खात उभी राहिले आणि तोंड उघडं ठेवलं. त्याच क्षणी पहिली माशी आत गेली.

इथली माशी चावत नाही. चावली असती तर निदान चिडता तरी आलं असतं. तिला फक्त ओल हवी असते. त्या रखरखाटात ओल कुठे, तर माणसाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात, नाकपुडीत, ओठांवर. घामात आणि आसवांत तिला जी प्रथिनं मिळतात, ती मादीला अंडी घालायला लागतात म्हणे. म्हणजे मी दरी बघत होते आणि ती डोहाळे पुरवून घेत होती. चष्म्याच्या काडीवर एक चढली, शांतपणे पाय चोळले, भिंगाच्या आतल्या बाजूला आली आणि माझ्या पापणीकडे बघत बसली. आपल्याकडे काही बिनसलं की माशी शिंकते. इथे माशी नाकात जाते आणि शिंकतो आपण.

तोंडापुढून सतत हात हलवण्याला तिकडे 'सलाम' म्हणतात. मी शेवटपर्यंत सलाम करत चालले.

दरी मात्र अशी की हात हलवायचा विसरावा. शंभर मीटरच्या वर सरळ तासल्यासारख्या भिंती, विटकरी लाल. पण हा लाल रंग नुसता वरचा. दगडातल्या लोखंडाला चढलेला गंज. जिथे कडा ताजी फुटली आहे, तिथे आतला दगड पांढरट दिसतो. पायाखालच्या एका फरशीवर लाटांच्या बारीक ओळी होत्या, ओहोटीनंतर आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत उमटतात तशाच, फक्त दगड झालेल्या. मी चप्पल काढून... म्हणजे बूट काढून त्यावर पाय ठेवून बघितला. गरम होता.

मधे लाकडी जिना खाली उतरतो, तिथे डोह आहे, सावली आहे, सायकॅडची झाडं आहेत. या जागेला 'ईडन गार्डन' म्हणतात. कोलकात्यातलं एवढं शांत नसतं. तिथे बसवून गाईडने सगळ्यांना सफरचंदं दिली आणि माश्यांचं मूळ सांगितलं. मूळ म्हणजे गाय. इथले शेणकिडे कांगारूच्या सुक्या लेंड्यांना सरावलेले. 1788 साली गोरे लोक गुरं घेऊन आले आणि हे ओले पो किड्यांना झेपेनात. शेण महिनोन्‌महिने माळावर पडून राही आणि माश्यांची सोय होई. मग जॉर्ज बॉर्नेमिसा नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञाने सुचवलं की शेण आवरणारे किडेच बाहेरून आणा. 1960च्या दशकापासून सरकारने ते खरोखर आणून सोडले. बऱ्याच ठिकाणी माश्या कमी झाल्या म्हणतात. माझ्या सफरचंदावरच्यांना ते कोणी कळवलेलं नव्हतं.

"किडे कशाला?" मी ताईला म्हटलं. "आपल्या आजोळच्या चार बायका आणायच्या होत्या. पो जमिनीला टेकायच्या आत पाटीत!"

"आणि तू?" ताई जाळीच्या आतून म्हणाली. "शेणाला हात लावायला सांगितलं की तुझं पोट दुखायचं."

निघताना काठावर सगळे दरीकडे तोंड करून उभे राहिले आणि मी मागून फोटो काढला. वारा समोरून होता. वारा असला की माश्या आडोसा धरतात आणि आडोसा म्हणजे माणसाची पाठ. ताईच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत शे-दीडशे जणी दाटीवाटीने बसल्या होत्या, हलत नव्हत्या, फुकटात निघालेल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. माशीचंही असतं, फक्त पाठ दुसऱ्याची.

रात्री रेंज आल्यावर फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत पार्ल्याहून मावशीचा निरोप आला: "दरी छान. मोठीच्या कुडत्यावरचं काळं बुट्टीकाम फारच सुरेख. तिकडे मिळतं का?"

ताईने लिहिलं, "हो मावशी. किती आणू?"