दुसरा मेजर मी का सोडला

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीने मला अक्षरशः वेड लावलं. न्यू जर्सीत बायॉलॉजीचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, चालू होता, डॉक्टर व्हायचं आधीपासून ठरलेलं. वाटलं, केमिस्ट्रीचाही मेजर घेऊ.

बाबा खूश झाले. "दोन मेजर म्हटल्यावर मेडिकलच्या अर्जाला वजन येईल." आईला तर प्री-मेड, म्हणजे मेडिकलच्या आधीची तयारी, हा प्रकारच पटत नव्हता. नाशिकचा मामा बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेला. इथे आधी चार वर्षांची पदवी, आणि प्री-मेड नावाची पदवी तर बहुतेक कॉलेजांत नाहीच! इतिहासात मेजर करूनही मेडिकलला जाता येतं, फक्त बायॉलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स लॅबसकट आणि बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री झालेली लागते. माझं हे सगळं एका मेजरमध्येच होत होतं.

अ‍ॅडव्हायझरने दहा मिनिटांत "झेपेल तुला" म्हणून मोकळं केलं. त्या घाईचा मला अजून राग येतो.

घरी जेवणाच्या टेबलावर उरलेल्या सेमिस्टरचा तक्ता मांडला, तेव्हा खरं चित्र दिसलं. फिजिकल केमिस्ट्रीच्या दोन सेमिस्टर, इनऑरगॅनिक, अ‍ॅनालिटिकल आणि त्यांच्या लॅब. फिजिकलच्या आधी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस. सायन्स आणि गणिताचे ग्रेड मेडिकलच्या अर्जात वेगळे मोजले जातात, आणि कोर्स पुन्हा केला तरी आधीचा ग्रेड पुसला जात नाही. शिवाय २०१५ पासून एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत, मानसशास्त्र-समाजशास्त्राचा पूर्ण एक विभाग आहे. त्या विषयांना माझ्या तक्त्यात एक चौकोनही उरला नव्हता.

तरी मी महिनाभर मागेपुढे करत राहिले. निर्णय झाला तो मंगळवारमुळे. केमिस्ट्रीची लॅब मंगळवारी दुपारी, आणि माझी हॉस्पिटलमधली व्हॉलंटियरची शिफ्टही तेव्हाच. पाणी भरून ठेवायचं, ब्लँकेट आणून द्यायचं, एवढंच काम. एकदा एका आजोबांना डॉक्टर घरी घ्यायच्या गोळ्या समजावत होत्या आणि आजोबा नुसती मान हलवत होते. मी पाण्याचा जग ठेवायला गेले, तर त्यांचं कानाचं मशीन ट्रेवरच्या डबीत पडलेलं. डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी मशीन कानात बसवलं आणि डॉक्टरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आजोबांनी तीन प्रश्न विचारले.

ती दुपार सोडायला माझं मन होईना.

बाबांना सांगायला दोन आठवडे लागले. ते बराच वेळ तक्ता बघत बसले, मग म्हणाले, "मग मायनर तरी ठेव." मायनर म्हणजे दुय्यम विषय. तो ठेवला, एका जादा कोर्समध्ये भागलं. मोकळ्या जागी मानसशास्त्र घेतलं. दुसऱ्या विषयात कुणाचा खरोखर जीव असेल आणि वेळही निघत असेल, तर त्याने दोन मेजर जरूर करावेत. अर्ज भारी दिसावा म्हणून मात्र करू नयेत, असं मला ठामपणे वाटतं.

क्वांटम केमिस्ट्री शिकायची राहिली, त्याची हळहळ आहे. मंगळवारी दुपारी मात्र मी अजूनही हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर असते.