व्हुनापोपेचे बेरकी बिशप आणि रामालेची दरी

पापुआ न्यू गिनीतल्या रबाउलला जाणारे बहुतेक लोक तावुरवुर ज्वालामुखी आणि जपान्यांनी खोदलेले बोगदे बघून परततात. आम्ही गेलो ते व्हुनापोपे या जवळच्या कॅथलिक मिशनसाठी. दुसऱ्या महायुद्धात लिओ शारमाख इथले बिशप होते, जन्म आजच्या पोलंडमधला. अशा गोष्टीत आपण हुतात्मा शोधतो. शारमाख तसे नव्हते. ते बेरकी होते, आणि म्हणूनच मला आवडतात.

२३ जानेवारी १९४२ला जपानी सैन्य उतरलं. मिशनवर जर्मन, ऑस्ट्रेलियन, स्थानिक अशी सगळीच माणसं. बिशपांनी जपानी अधिकाऱ्यांना बेधडक सांगितलं की मी हिटलरचा इथला प्रतिनिधी! जर्मनी जपानचा दोस्त, त्यामुळे थाप चालून गेली. पकडलेल्या ऑस्ट्रेलियन लष्करी नर्सेसही काही महिने याच आवारात होत्या. जुलैमध्ये त्यांना जपानला नेलं. मिशनची माणसं मात्र शेवटपर्यंत एकत्र राहिली. थापेनं बाँब थोडेच थांबतात? जपानविरोधी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मिशन जमीनदोस्त केलं आणि १९४४मध्ये जपान्यांनी सगळ्यांना रामालेच्या दरीत हलवलं. सुटका झाली सप्टेंबर १९४५मध्ये, ऑस्ट्रेलियन सैनिक पोचल्यावर.

व्हुनापोपे कोकोपो गावाला लागूनच आहे. कॅथेड्रल आणि मिशनचं हॉस्पिटल दोन्ही चालू आहेत, त्यामुळे फोटो काढण्याआधी विचारा. जुन्या काळातलं फार काही उरलेलं नाही.

रामालेला मात्र जाच, पण एकटे नको. इथली बहुतेक जमीन कुळांच्या मालकीची, त्यामुळे ओळखीचा स्थानिक माणूस आणि परवानगी हवीच. उतार तीव्र, पावसात निसरडा. चपला घालून जाऊ नका. खाली उभं राहिल्यावर कळतं की इथे शेकडो माणसांना पोसणं म्हणजे काय. ते काम स्थानिक सिस्टरांनी (म्हणजे नन्सनी) केलं. जपान्यांच्या दटावणीला न जुमानता त्या भाजीपाला पिकवत आणि कैद्यांपर्यंत पोचवत. बिशपांची थाप सगळे रंगवून सांगतात, सिस्टरांबद्दल आपणच विचारावं लागतं.

वेळ असेल तर राकुनाई हे गावही करा. धर्मगुरू कैदेत असताना पीटर तो रोट या धर्मशिक्षकानं गावची प्रार्थना चालू ठेवली. जपान्यांनी पुन्हा सुरू करू दिलेल्या बहुपत्नीत्वाला त्यानं विरोध केला आणि जुलै १९४५मध्ये त्याला ठार केलं. १९ ऑक्टोबर २०२५ला तो या देशाचा पहिला संत झाला, त्यामुळे तिथे आता गर्दी वाढणार.

बिता पाका युद्ध दफनभूमी चुकवू नका. तिथे भारतीय सैन्यातल्या जवानांचीही स्मृतिस्थळं आहेत. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी भारतीय युद्धकैदी हमालीसाठी इतक्या लांब आणले होते. आपल्याकडे याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

बाकी सोय: व्हिसा आधी काढा, मुंबईहून थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे पोर्ट मोर्सबी आणि तिथून टोकुआ, म्हणजे रबाउल-कोकोपोचा विमानतळ. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. किना (इथलं चलन) सुट्ट्या नोटांत ठेवा, पीएमव्ही या सार्वजनिक बसमध्ये मोठी नोट चालत नाही. रविवारी गाव बंद असतं, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेला (प्रार्थनेला) जा. सुपारी सगळेच चुन्यासोबत चघळतात. तुम्हालाही देतील, पण ती ओली आणि भलतीच कडक असते.