न्यूट्रोफिलना थांबायचे कसे कळते?

रक्ततपासणीच्या अहवालात न्यूट्रोफिलचे प्रमाण वाढलेले दिसले की डॉक्टरांना जिवाणूसंसर्गाची शंका येते, आणि आपल्यापुरता विषय तिथेच संपतो. मला मात्र त्या आकड्यापेक्षा या पांढऱ्या पेशींच्या आपसांतील निरोपांचे कुतूहल अधिक आहे.

पायात काटा रुतून त्वचेखाली जिवाणू शिरले की पहिली दखल घेतात त्या तिथेच वस्तीला असलेल्या, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. अनेक जिवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हा रेणू असतो आणि तो टीएलआर-४ या ग्राहीमार्फत, म्हणजे पेशीवरच्या संदेश टिपणाऱ्या प्रथिनामार्फत, ओळखला जातो, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. ओळख पटताच मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ हे सायटोकाइन, म्हणजे इतर पेशींना निरोप देणारी प्रथिने, सोडतात. त्यांमुळे जवळच्या रक्तवाहिनीचे अस्तर चिकट होते, वेगाने वाहत जाणारा न्यूट्रोफिल त्यावर गडगडत मंदावतो, घट्ट चिकटतो आणि अखेर भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतो.

इथपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकात असतो. खरी गंमत पुढे आहे. आधी पोहोचलेल्यांपैकी काही न्यूट्रोफिल मरतात, तेव्हा आसपासचे न्यूट्रोफिल ल्युकोट्राइन बी-४ हा स्निग्ध रेणू सोडतात. तो ज्यांना जाणवतो तेही धावत येतात आणि स्वतः तोच रेणू सोडतात, त्यामुळे काही मिनिटांतच दूरवरच्या पेशींचा थवा तिथे जमतो. टिम लेमरमान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जिवंत उंदरांच्या ऊतींत हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले.

पण प्रत्येक येणारा आणखी हाका मारत असेल, तर हे थांबावे कसे? न्यूट्रोफिलची जिवाणूनाशक विकरे आपल्याच ऊतीही पोखरतात, म्हणून हा प्रश्न गंभीर आहे. त्याचे उत्तर लेमरमान यांच्याच जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील गटाने २०२१ मध्ये दिले. थव्यात संदेशरेणूंची दाटी झाली की जीआरके-२ हे प्रथिन पेशीचे ग्राही बधिर करते आणि पेशी जागीच थांबते. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलमध्ये हे प्रथिन नव्हते, त्यांचे न्यूट्रोफिल अधिक हिंडले, अधिक प्रदेश धुंडाळला, आणि तरीही स्यूडोमोनास जिवाणूंची वाढ त्यांना नीट रोखता आली नाही. धावपळ जास्त तर बंदोबस्त चोख, हा आपला सहज समज इथे साफ चुकतो. जागी थांबून एकमेकांना खेटलेल्या पेशीच जिवाणूंना कोंडतात आणि गिळतात.

पुढची आवराआवर मॅक्रोफेजकडे येते. मेलेले न्यूट्रोफिल ते गिळतात, आणि ज्या ॲराकिडोनिक आम्लापासून ल्युकोट्राइन बी-४ बनले होते, त्याच आम्लापासून आता लिपॉक्सिन तयार होऊ लागतात, जे नव्या न्यूट्रोफिलची आवक रोखतात.