तात्या, मिनियापोलिसला जाताय तर हे वाचून जा

परवा संध्याकाळी सावद्याला, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या गावी, घराच्या ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे तात्या आले, हातात वहीचा कागद अन पेन. म्हणे "भो, जूनचं तिकीट निघालं आमचं, तिथं खायचं काय अन घ्यायचं कुठून ते सांग, लिहून घेतो." त्यांचा मुलगा अन आमचा मुलगा दोघं एकाच गावात नोकरीला, अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसला. आम्ही नवरा-बायको मागच्या वर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत तिथं राहून आलो, केळीची बाग भावाच्या जिवावर सोडून. सांगायला बसलो तर रात्रीचे अकरा झाले, तात्यांचा कागद दोन्ही बाजूंनी भरला अन काकूंच्या दोन हाका येऊन गेल्या. म्हटलं टाईपच करून टाकतो, आपल्याकडून आता दर दोन घरांआड कुणीतरी जातंच आहे.

तर मुलगा तुम्हाला पहिल्या शनिवारी मॉल ऑफ अमेरिकालाच नेणार, हे लिहून घ्या, सगळ्यांची मुलं नेतात. ब्लूमिंग्टन म्हणून शेजारचं गाव आहे तिथं आहे तो, १९९२ सालचा, पाचशेच्या वर दुकानं अन मधोमध चक्क झोके-पाळणे, रोलर कोस्टर वगैरे. मला दुकानांपेक्षा एकाच गोष्टीचं नवल वाटलं, की तिथं हिवाळ्यात बाहेर उणे वीस-पंचवीस असतं तरी मॉलच्या मधल्या मोकळ्या भागाला वेगळा हीटर म्हणून नाही, छताच्या काचेतून येणारं ऊन, दिवे अन माणसांच्या अंगाची ऊब, एवढ्यावर भागतं. हिचं म्हणणं, त्यात काय मोठं, आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये मेमध्ये हेच होतं.

एकदा बघा अन या. दुसऱ्यांदा जाऊ नका, पाय मोडतात. पण कपडे घ्यायचे असतील तर मिनेसोटातच घ्या, कारण तिथं कपड्यांवर अन बुटांवर सेल्स टॅक्स नाही. पर्स, दागिने यांच्यावर आहे, अन किराणा सोडला तर बाकी बहुतेक वस्तूंवर जी किंमत लिहिलेली असते ती खरी किंमत नसते, टॅक्स काउंटरवर लागतो, त्यामुळे सुटे मोजून हातात धरून उभं राहू नका, माझ्यासारखं. हिवाळी जाकिटांचे ढीग स्वस्तात लागलेले दिसतील, घ्यावंसं वाटेल, पण ते घालून जळगावात कुठं जाणार सांगा. आम्ही एक घेतलं. कपाटात आहे.

अजून एक फसगत सांगतो. डाउनटाउनमध्ये निकोलेट मॉल आहे असं ऐकलं, म्हणून मी एकटाच लाइट रेलनं गेलो अन अर्धा तास मॉलची बिल्डिंग शोधत फिरलो. शेवटी एका पोलिसाला विचारलं तर तो हसला, म्हणे तुम्ही उभे आहात तोच. निकोलेट मॉल म्हणजे रस्ता आहे, नुसत्या बस अन पायी माणसं जाणारा! वर बघितलं तर एका बिल्डिंगीतून दुसऱ्या बिल्डिंगीत काचेचे पूल गेलेले, त्यांना स्कायवे म्हणतात, सगळे मिळून नऊ मैलांच्या वर आहेत म्हणे, थंडीत लोक त्यातूनच ऑफिसला जातात, जेवतात, घरी जातात. पण संध्याकाळ झाली की आतली दुकानं धडाधड बंद, तेव्हा जायचं तर दुपारी जेवायच्या टायमाला जा.

आता खरं सांगतो ते. मुलाला म्हणा मॉल राहू दे, मला लेक स्ट्रीटला ने. तिथं मिडटाउन ग्लोबल मार्केट आहे, सीअर्स कंपनीची १९२८ ची अवाढव्य जुनी इमारत, तिच्या खालच्या मजल्यावर २००६ पासून हा बाजार भरतो. मेक्सिकोवाला, मोरोक्कोवाला, आफ्रिकेतला, सगळ्यांचे गाळे एकमेकांना चिकटून, आपल्या जळगावच्या गोलाणी मार्केटसारखंच, फक्त मोबाईल कव्हरच्या ऐवजी खाणं. शहरात सोमालियाची माणसं खूप, तिकडं यादवी झाली तेव्हा १९९० नंतर आली अन इथंच राहिली. त्यांची चहाची दुकानं, कापडाची दुकानं, एक-दोन तर अख्खे सोमाली मॉल आहेत. त्यातलं कार्मेल मॉल बघाच, अरुंद बोळ, छतापर्यंत टांगलेलं कापड, दारात खुर्ची टाकून बसलेली बाई, मला क्षणभर जळगावचं फुले मार्केटच वाटलं. अन तिथं चहा मागितला तर दूध, वेलची, दालचिनी घालून उकळलेला येतो, त्याला ते शाह म्हणतात. अमेरिकेत उकळलेला चहा! हिच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं.

तिथंच एका सोमाली हॉटेलात मी बोकडाचं मटण अन भात मागवला, हिला डाळीचे समोसे, सांबुसा म्हणतात ते. थाळी आली. लांब दाण्याचा पिवळसर भात, वरून मनुका, बाजूला मटण, वाटीत हिरव्या मिरचीची पातळ चटणी, जी चाखली तर आपल्या ठेच्याची चुलत बहीणच, अन ताटाच्या कडेला एक अख्खं केळं, सालीसकट. मला वाटलं नंतर खायला दिलं असेल, बाजूला ठेवलं. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला म्हातारा जेवत होता तो माझ्याकडेच बघत होता. त्यानं आपलं केळं सोललं, भाताचा घास घेतला, मागून केळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला, अन मला मानेनं खूण केली, असं. मी तसं केलं. आधी तिखट, मग मटणाचा रस्सा, अन त्याच्यावर गार गोड केळं. तात्या, आपला जन्म केळीत गेला, शिकरण-पोळी खाऊन मोठे झालो, कच्च्या केळ्याची भाजी झाली, वेफर झाले, पण भातासंगं केळं खायचं आपल्याला सुचलं नाही हो!

मग मी त्याला माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, आय बनाना फार्मर, इंडिया. तो उठून माझ्या टेबलावर येऊन बसला. त्याच्या देशात शबेले म्हणून नदी आहे, तिच्या काठानं केळीच्या बागा, एकेकाळी बोटी भरून इटलीला माल जायचा. मी तापी सांगितली. त्यानं हातानं घड दाखवला केवढा, मी दाखवला केवढा, दोघांनीही थोडा मोठाच दाखवला असणार. शेवटी सालीवरचं स्टिकर बघितलं, ग्वाटेमाला. त्याचंही नाही अन माझंही नाही.

तिथल्या कुठल्याही किराणा दुकानात केळी साधारण साठ-पासष्ट सेंटला पाउंड, म्हणजे किलोला शंभराच्या वर रुपये झाले, अन तरी ते तिथलं सगळ्यात स्वस्त फळ. जात आपल्या जी-नाईनचीच. पण फणी हिरवट असताना घेतात अन चव आपल्या कांदेबाग हंगामातल्या केळीच्या जवळपास नाही, हे मी मुलाच्या मित्रांपुढे बोललो तर मुलानं मला कोपरानं ढोसलं.

भाजी कुठं घ्यायची? सेंट पॉलला. मिनियापोलिस अन सेंट पॉल ही जुळी शहरं, एका दिवसात दोन्ही होतात. सेंट पॉलच्या शेतकरी बाजाराचा नियम असा की आसपासच्या शेतकऱ्यानं स्वतः पिकवलेलंच तिथं विकायचं, बाहेरून आणलेला माल चालत नाही. आडत्या नाही, दलाल नाही, मी तर दोन तास नुसता बघत उभा राहिलो. विकणारी निम्मी माणसं हमोंग, लाओसच्या डोंगरातली, तिकडच्या लढाईनंतर १९७५ पासून निर्वासित म्हणून आलेली. त्यांच्याकडे कारली, चवळीच्या हातभर शेंगा, भोपळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे, बारक्या जहाल मिरच्या, सगळं. सुपरमार्केटातलं वांगं काळं-जांभळं, बाळाच्या डोक्याएवढं, भाजलं तर नुसतं पाणी. पण एका हमोंग आजीकडे लांबट हिरवी वांगी दिसली. तिला इंग्लिश येईना, हिला येईना, दोघींनी बोटांवर सौदा केला अन आजीनं वर मूठभर मिरच्या तशाच टाकल्या. त्या संध्याकाळी मुलाच्या घरामागं कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजली, कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण, मिरची, अन कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. आपल्या हिरव्या-पांढऱ्या वांग्याची सर नाही, ते जीआय मिळालेलं वांगं आहे शेवटी, अन कपाशीच्या काड्यांचा वास कुठून आणायचा. पण चाळीस टक्के भरीत झालं. परदेशात चाळीसला पास.

ऋषिपंचमी आम्ही तिथंच केली अन ती अशी झाली. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, नांगरलेल्या शेतातलं नाही. ही दोन दिवस चिंतेत. तर मिनेसोटात वाइल्ड राईस म्हणून एक दाणा मिळतो, राज्याचं अधिकृत धान्यच आहे ते. तो तांदूळ नाहीच, तळ्यात आपोआप वाढणाऱ्या गवताचं बी आहे. तिथले मूळचे ओजिब्वे लोक होडीत बसून जातात, एक जण होडी ढकलतो अन दुसरा दोन काठ्यांनी कणसं होडीवर वाकवून झोडतो, दाणे होडीत पडतात, राहिलेले पाण्यात पडून पुढच्या वर्षी उगवतात. नांगर नाही, बैल नाही! फक्त एक बघा, दुकानात काळा कुळकुळीत चकचकीत मिळतो तो वाफ्यात लावलेला, ट्रॅक्टरवाला. तळ्यातला हातानं झोडलेला असतो तो फिकट तपकिरी, पाकिटावर लिहिलेलं असतं, महाग असतो अन लवकर शिजतो. हिनं तो घेतला, अळूच्या भाजीसोबत खाल्ला अन म्हणाली भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येतो. येताना आणायचं तर हेच आणा, चॉकलेट सगळेच आणतात.

बाकी पटापट सांगतो. डिंकीटाउनमध्ये युनिव्हर्सिटीजवळ अल्स ब्रेकफास्ट आहे, बोळाएवढी जागा अन फक्त १४ स्टुलं, खाणाऱ्याच्या पाठीशी उभं राहून तो उठायची वाट बघायची, ब्लूबेरीचे पॅनकेक घ्या. ज्यूसी लूसी नावाचा बर्गर इथला फेमस, पॅटीच्या पोटात चीज भरलेलं, मॅट्स बार म्हणतो आम्ही काढला, ५-८ क्लब म्हणतो आम्ही. त्यात बीफ असतं, आम्ही लांबूनच बघितला. मुलगा काय खातो ते मी विचारलं नाही. पिल्सबरीचा आटा आपल्याकडे मिळतो ना, ती कंपनी मूळ इथली, १८६९ ची, नदीच्या धबधब्यावर पिठाच्या गिरण्या होत्या, एका जळक्या गिरणीत आता म्युझियम आहे, ते बघा.

अन ऑगस्टअखेर तिथं असाल तर स्टेट फेअर चुकवू नका. बारा दिवस चालतो, लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, संपतो, सारंगखेड्याची यात्रा समजा, घोड्यांऐवजी गाई-डुकरं जास्त. तिथं चीज कर्ड म्हणून चीजचे गोळे भज्यासारखे तळून देतात, गरम असतानाच खा. अन काचेच्या थंड खोलीत बसून एक माणूस चाळीस किलो लोण्याच्या ठोकळ्यातून एका मुलीचं डोकं कोरतो, मुलगी समोर जाकीट घालून बसलेली. ही म्हणे एवढ्या लोण्याचं तूप किती निघालं असतं.

देशी हॉटेलांबद्दल मी जास्त बोलत नाही. एका ठिकाणी पनीरची भाजी मागितली तर बासुंदीएवढी गोड, वर बिलात टीप आधीच लावलेली होती ती आम्हाला दिसली नाही, आम्ही वीस टक्के परत दिली. बिल नीट वाचत जा.

तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गव्हाचं पीठ यातलं काहीही नेऊ नका, देशी किराणात सगळं आहे, बॅगा उगाच भरतात. न्यायचं ते कळण्याचं पीठ, बिबडे म्हणजे आपले ज्वारीचे पापड, शेवभाजीची जाड शेव अन काळा मसाला. बियाणं अजिबात नको, हिनं भरताच्या वांग्याचं बी रुमालात बांधलं होतं, मी निघायच्या आधी काढून फडताळात ठेवलं, पाच महिने बोलणी खाल्ली. विमानतळावर विचारलं की काय आहे ते खरं सांगायचं, मसाल्याला कुणी काही म्हणत नाही.

अन तात्या, तुमच्या बॅगेत किलोभर जागा ठेवा. मुलाचा मसाला संपलाय, परवा फोनवर म्हणत होता. डबा मी रविवारी आणून देतो, झाकणाला टेप लावून.