नऊ तारखेची रांग
आई सुपात पानं घेऊन विड्या वळते, शेजारी सातव्या महिन्यातली वहिनीही. तंबाखूचा खकाणा घरभर. आशाताईंनी वहिनीची खालची पापणी ओढून पाहिली. "पांढरीफटक झालीस पोरी, नऊ तारखेला चल." दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते, २०१६ पासून. हिमोग्लोबिन ८.२ निघालं, म्हणजे रक्त कमीच. लोहाच्या गोळ्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, हे नर्सबाईंनी दोनदा बजावलं.

मला राग येतो तो एवढ्याचाच, की दिवसाची मजुरी बुडते म्हणून आमच्या सोलापुरातल्या कितीतरी विडीवाल्या बाया त्या रांगेत येतच नाहीत. बाळंतपणाला १०२ ची गाडी फुकट मिळते, हेही गल्लीत अर्ध्या जणींना ठाऊक नव्हतं. काल घरोघरी दाराआड खडूने तो नंबर लिहून आले.