बॅगेवर कुणाचा नंबर लिहायचा : आई-बाबांच्या अमेरिका प्रवासाची तयारी

आई-बाबा मुलाकडे अमेरिकेला निघाले की आठवडाभर बॅगा भरणं आणि वजन करणं चालतं, आणि नाव-नंबराचं काम विमानतळावर घाईत उरकलं जातं. मी आधी नंबर ठरवते, मग बॅग काढते.

बहुतेक जण टॅगवर स्वतःचाच भारतातला मोबाइल लिहितात. बॅग मधल्या विमानतळावर राहते, माणूस न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला उतरतो, रोमिंग बंद असतं, आणि तो फोन वाजतच नाही. म्हणून टॅगवर दोन नंबर. पहिला मुलाचा, +1 लावून; दुसरा इथे राहणाऱ्या कुणाचा तरी, +91 लावून. पुण्याचा लँडलाइन असेल तर 020 नाही, +91 20. शिवाय मुलालाही उघडता येईल असा एक ईमेल. घराचा पत्ता बाहेर लिहीत नाही. घर बंद आहे हे तो टॅग वाचणाऱ्या कुणालाही कळतं. नाव पासपोर्टवरचंच. तिकिटावर सासरचं आडनाव आणि बॅगेवर माहेरचं, असं झालं तर बॅग जुळवताना अडतं.

बाहेरचा टॅग तुटू शकतो हे धरूनच चालावं. तोच मजकूर कागदावर इंग्रजीत, ठळक छापून बॅगेत सगळ्यात वर ठेवते. त्यात उतरण्याचा पत्ता आणि फ्लाइट नंबरही येतात. मागच्या प्रवासाचे बारकोड मात्र एकूण एक काढावे लागतात. मोठी पट्टी सगळे फाडतात, पण हँडलखाली आणि बाजूला चिकटवलेले बोटभर स्टिकर राहून जातात. थोडं खोबरेल लावून ठेवलं की नखाने निघतात. स्कॅनरने जुना बारकोड वाचला तर बॅग हाताने तपासायला बाजूला जाते, आणि तेवढ्यात पुढचं विमान सुटू शकतं. ओळखीसाठी ओढणीची पट्टी बांधायची असेल तर टोकं गाठीजवळ कापा. लोंबती टोकं विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यात अडकतात.

एअरटॅग, म्हणजे बॅग कुठे आहे ते आयफोनवर दाखवणारी चकती, चेक-इन बॅगेत चालतो. त्याचा सीआर2032 सेल नवा घालताना (मुलांनी गिळू नये म्हणून दिलेल्या) कडू लेपाचा घेऊ नका, तो कधीकधी चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच.

काउंटरवर टॅग लागला की त्यावरची तीन अक्षरं वाचायची (नेवार्क म्हणजे ईडब्ल्यूआर) आणि दहा आकडी नंबराचा फोटो काढायचा. पुढे देशांतर्गत विमान असेल तर अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर सहसा बॅगा स्वतः उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. टॅगवर शेवटचं शहर असलं तरीही. हे आई-बाबांना दोनदा सांगा.

बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधीच पीआयआर (विमान कंपनीकडचा सामानाच्या तक्रारीचा अहवाल) लिहून घ्यायचा आणि त्याचा क्रमांक जपायचा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल कराराप्रमाणे मोडतोडीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, उशिराची 21 दिवसांत.

पर्समधलं कार्ड मी सगळ्यात जपून करते. मुलाचा आणि भारतातला नंबर, रक्तगट, अॅलर्जी, विम्याचा पॉलिसी नंबर आणि त्यांची हेल्पलाइन. औषधांची दुकानातली नावं तिथे कुणाला कळत नाहीत, म्हणून मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहायचे : मेटफॉर्मिन 500, टेल्मिसार्टन 40. आपलं पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं. बोलायची भाषा मराठी, हेही लिहा; दवाखान्यात दुभाषा मागता येतो. भारतातला माणूस रात्री फोन उचलणारा हवा, कारण न्यूयॉर्कची दुपार म्हणजे आपली रात्र. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा.

हीच माहिती मोबाइलमध्येही भरते. आयफोनवर हेल्थमधलं मेडिकल आयडी, अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर सेटिंग्जमधलं सेफ्टी अँड इमर्जन्सी. लॉक असताना दिसण्याचा पर्याय सुरू नसेल तर सगळं भरूनही उपयोग नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री फोन लॉक करून शेजाऱ्याच्या हातात द्यायचा, इमर्जन्सी दाबायला सांगायचं, आणि मुलाचं नाव वाचता येतंय का ते बघायचं.